बाबांची चौकशी आणि ताईचे उंदीर

माझे बाबा कारखान्यात कॉइलला टेप गुंडाळायचे. ऐकायला फुटकळ वाटतं. मोठ्या मोटारीच्या तांब्याच्या कॉइलवर इन्सुलेशनची पट्टी चढवायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा बसवायचा. कुठे सुरकुती नको, फट तर नकोच. फट राहिली की मोटार जळते. भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये "वो मराठी टेपवाले" म्हटलं की रिक्षावाला थेट आमच्या क्वार्टरसमोर आणून सोडायचा. हे मी मिरवते आणि मिरवणारच.

अशा माणसाला चार्जशीट मिळाली.

ड्रॉइंग बदललं होतं, पट्टीचे थर वाढवले होते. बाबांनी नव्या ड्रॉइंगवर सही केली, ते समोर टांगलं, आणि तीन कॉइल जुन्याच पद्धतीने गुंडाळल्या. फोरमनने टोकलं तेव्हा "हाँ हाँ, नया वाला" म्हणाले, थोडा वेळ नव्याप्रमाणे काम केलं आणि पुन्हा जुन्यावर आले. कागदावर लिहिलं होतं, "जानबूझकर अवहेलना". सगळी नोकरी नाकासमोर बघून केलेल्या माणसाला हा शब्द!

चार महिन्यांपूर्वीच डॉक्टरांनी त्यांना पार्किन्सन्सची सुरुवात असल्याचं सांगितलं होतं. डावा अंगठा थरथरायचा, तोही हात रिकामा असला की. पट्टी हातात घेतली की थांबायचा. बाबांनी हे कारखान्यात लपवलं होतं. चौकशीत युनियनच्या माणसाने, माझ्याकडून कळल्यावर, ते सांगितलं, तर अधिकाऱ्याने त्याच कॉइल टेबलावर ठेवल्या. "हाथ में बीमारी होती तो टेप ऐसा बैठता? एक झुर्री दिखाइए!"

म्हणजे बाबांचं चोख काम हाच बाबांविरुद्धचा पुरावा. माझं डोकं फिरलं. मी तेव्हा कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. घरी येऊन लगेच कागद ओढला.

ताई या चौकशीसाठीच रजा काढून आली होती. ती दुसऱ्या शहरात मेंदूच्या प्रयोगशाळेत काम करते. उंदरांना काही शिकवायचं आणि मग भूल देऊन त्यांच्या मेंदूची चित्रं घ्यायची, हे तिचं काम. मी तिला "उंदीर छळणारी" म्हणायचे.

"बाबा नेमके कसे चुकले, ते सांग. घोषणा नकोत," ती म्हणाली. मी सांगितलं. ती म्हणाली, "आमचे उंदीर असेच चुकतात."

आई पोळ्या लाटत होती. "बापाला उंदीर म्हणतेस?"

"ऐक तर गं." तिने ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. "एकीत वाळू, एकीत भुसा. खाऊ पुरून ठेवायचा. आधी नियम असा, की लवंगेचा वास येईल त्या वाटीत खाऊ. वाळू असो की भुसा, काही फरक नाही. उंदीर शिकतो. मग आम्ही न सांगता नियम बदलतो. आता वासाचं सोड, खाऊ भुशात. धडधाकट उंदीर थोडा फसतो आणि वळतो. पण ज्यांच्या मेंदूत पार्किन्सन्ससारखी इजा केलेली असते, त्यांतले काही लवंगेलाच चिकटून बसतात. पाय नीट, पंजे नीट, तरीही. अशांच्या मेंदूत कुठली जोडणी सैल पडलेली असते, ते आम्ही चित्रांत शोधतो. हात उत्तम आणि डोक्याला वळण घेणं जड, असं एकाच वेळी असू शकतं, आई."

मला हवं ते मिळालं. मी जाड अक्षरांत लिहिलं, "विज्ञान ने सिद्ध कर दिया!" ताईने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ओळ खोडली.

"काहीही सिद्ध नाही. उंदरावरून बाबांचं निदान होत नाही. माझ्या कामाच्या जिवावर खोटं छापलंस तर मीच गेटवर येऊन फाडीन."

"मग काय लिहू? कृपा करा?"

"लिही, तपासा. माणसांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. तेवढंच मागायचं."

मी भडकले. आज सांगते, मी लिहिलेल्या कुठल्याही घोषणेपेक्षा मला त्या खोडलेल्या ओळीचा अभिमान जास्त आहे.

बाबा बाहेरच्या खोलीतून सगळं ऐकत होते. दारात येऊन म्हणाले, "पत्रक राहू दे. मी बोलतो."

"बाबा, लोक म्हणतील डोकं गेलं," मी म्हणाले.

"म्हणू देत. कामचोर तर नाही ना म्हणणार."

दुसऱ्या दिवशी मी चौकशीच्या खोलीबाहेर उभी होते. दार उघडंच होतं. बाबा उभे राहिले. "साहब, टेप मेरा है, गलती भी मेरी है. हाथ ठीक है. नया ड्रॉइंग समझता हूँ, पर हाथ पुराने पे लौट जाता है. जानबूझकर नहीं किया. मेरी जाँच कराइए. जाँच में ठीक निकला तो जो सज़ा देनी है, दीजिए."

"ये सब आपको किसने बताया?"

"मेरी बेटी ने. चूहों का दिमाग पढ़ती है."

कोणीतरी हसलं. बाबा तिकडे वळले. "हँसिए मत. उसके चूहे मुझे आपसे पहले समझ गए."

तपासणी झाली. चाचणी घेणाऱ्या बाईंसमोर पत्ते लावायचे होते, आधी रंगाने, मग न सांगता आकाराने. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "बाई चूक म्हणतायत हे कळत होतं गं, तरी मी आपला रंगच लावत बसलो." डॉक्टरांनी अहवालात तेच स्वच्छ लिहिलं. चार्जशीट मागे घेतली गेली. बाबांना जुन्या मोटारींच्या दुरुस्तीवर बसवलं, तिथे ड्रॉइंग बदलत नाही.

ताई निघाली त्या दिवशी तिची बॅग दारात होती. शेजारच्या खात्यातला एक वेल्डर आला, चप्पल न काढता उंबऱ्यावरच थांबला. "भाईसाहब, मेरा हाथ नहीं काँपता. बस काम का क्रम गड़बड़ा जाता है. किसी से कहा नहीं."

बाबांनी त्याला आत बसवलं. "कब-कब क्या हुआ, सब लिख के डॉक्टर के पास जाओ. शरमाना मत."

"आणि काहीच नसेल असंही होऊ शकतं, हेही सांगा!" ताई आतून ओरडली.

बाबा वेल्डरकडे बघून हसले. "सुना? घर में साइंटिस्ट है. बोली, हो सकता है कुछ भी न हो. फिर भी जाना."