मॅडमना आमची डागाळलेली चांदीच हवी होती

मित्रांनो, आज सकाळी निरगुडसरला आमच्या गोठ्यात माझी छान फजिती झाली.

जनावरांच्या रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडम गायींच्या रक्ताचे नमुने घ्यायला येणार होत्या. पाहुण्यांसमोर लाज जाऊ नये म्हणून मी गोठा दोनदा धुतला आणि सर्वांत देखणी गाय पुढे बांधली. लम्पीच्या आजारातून वाचलेली आमची चांदी गाय मात्र घरामागे नेली, कारण तिच्या अंगभर डाग राहिलेत. त्या डागांमुळेच माझे वडील, आबा, तिला येत्या बाजारात विकणार होते. मी तिला वासरापासून वाढवलंय, पण आबांपुढे बोलणार कोण?

मॅडमनी विचारलं, "आजारातून उठलेली एखादी नाही का?"

"हाय की, पण दाखवण्यासारखी न्हाई," आबा म्हणाले.

घरामागून आणलेल्या चांदीला पाहून मॅडम खूश झाल्या. "काका, रोगाशी कसं लढायचं ते हिचं शरीर शिकलंय. ही ताकद किती टिकते, तेच मला तपासायचंय. वर्षभर दर महिन्याला येऊ का?"

"या की," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "झालं, आता वर्षभर इकता यायची न्हाई. हसतोय काय? वैरण टाक तिला."

तुमच्याकडे लम्पीतून उठलेली गाय आहे का? आता दूध कसं देते?