मागाच्या खड्ड्याजवळचं ताट

रत्नाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरुपूरच्या बनियन कारखान्यात डबा उघडून बसले होते. फोनवर मोठेबाबा होते, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ताईचे वडील. "आपली रत्ना गेली, बाई," एवढंच बोलले. साकोलीला बस स्टँडजवळ तिचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या डोक्यातली नस फुटली... मी गाडीनं गावी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिचं तोंडही दिसलं नाही. राहिली ती तिची एकच कादंबरी, 'खालची'. वाचणारे म्हणतात, भीतीदायक आहे. मला ती वाचून फक्त रडू येतं, कारण ती आमच्या घरात घडताना मी पाहिली आहे.

आंबागडच्या बाजूला आमचं गाव, घर विणकरांचं. माग जमिनीतला. विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. मोठीआई, म्हणजे ताईची आई, त्या मागावर बसायची. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी ती बाळंतपणात गेली. माग थांबला आणि ताईचं जेवण सुटलं. घरातल्या सगळ्यांनी हात टेकले. मग एका संध्याकाळी ती खड्ड्याच्या काठावर बसून कोणाशी तरी हळू आवाजात बोलताना दिसली. जेवायला हाक मारली तर म्हणाली, "तिलेही वाढा, मंग मी जेवीन." घरात सगळ्यांना वाटलं, पोरीला आई दिसते आहे. मोठेबाबांनी स्वतः भात-वरण वाढून ताट खड्ड्याशी ठेवलं, हात जोडले. ताई जेवली. तेव्हापासून ते रोजचंच झालं. आजी तर मोठीआईला आवडणारी लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी मुद्दाम करायची.

मला मात्र ताईनं कानात सांगितलं होतं, "थे आई नोहे वं. खालची आहे." खालचीला केस नव्हते. ती ताईच्याच आवाजात बोलायची, आई इथं खाली आहे, उतर म्हणायची. मी त्या खड्ड्याकडं एकटी जायचे नाही. "मोठेबाबांले सांग ना," म्हटलं तर ताई म्हणाली, "ताट ठेवताना बाबाचा चेहरा बरा दिसते... कशी सांगू?"

सातवीनंतर माझी आई आजारी पडली आणि माझी शाळा सुटली. ताईनं मला सोडलं नाही. मी गावातल्या दुसऱ्या विणकरांसाठी कांड्यांवर सूत भरायचे आणि ती समोर पुस्तक धरायची, "वाच, मी ऐकून राहिली." आज मी चार ओळी लिहू शकते ते त्यामुळे. पुढं खराब झालेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या पाठीवर ती कादंबरी लिहायची आणि पानांचे फोटो मला इकडं तिरुपूरला पाठवायची. म्हणायची, "तू भेली का मले समजते, जमलं." कादंबरीतल्या घरात सगळे आईच्या नावानं त्या खालचीला जेवू घालतात. ती त्यावर वाढते, आईचा चेहरा घेते, आणि शेवटी बापच तिला हात देऊन वर मागावर बसवतो. मुलगी खड्ड्यात राहते... मोठेबाबांना तिनं पुस्तक कधी वाचून दाखवलं नाही. त्यांना तोवर डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं म्हणून तिला ते सोपंही गेलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मोठेबाबांनीच पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाच." मला धडकी भरली. आपण इतकी वर्षं कुणापुढं हात जोडले हे कळल्यावर हा माणूस कसा राहील? ताटाचा भाग आला तशी मी हळूच दोनचार पानं उलटवली.

"पानं काहून पलटवली?" आवाज ऐकून त्यांनी विचारलं.

मग मी वाचलं. सगळं वाचलं.

"मले मालूम होता, बाई. थे तिची माय नोहोती."

"मंग ताट कायले ठेवत होते तुम्ही?"

"ताट ठेवलो का पोरगी जेवे." माझ्याकडं तोंड वळवून त्यांनी विचारलं, "भेत होती का वं माही पोरगी? एकटीच?"

"एकटी नोहोती. मी होती ना," मी म्हटलं. ते खरं होतं, पण किती पुरेसं होतं कुणास ठाऊक... बापलेकीनं एकमेकांसाठी तोंड मिटून घेतलं होतं, आणि मध्ये ते ताट होतं.

माग केव्हाच विकला. खड्ड्यावर फळ्या टाकल्या आहेत. त्या संध्याकाळी मोठेबाबांनी चाचपडत एक ताट वाढलं आणि फळ्यांवर ठेवलं. हात जोडले नाहीत. ताई जेवताना बसायचे तसे समोर नुसते बसून राहिले.

तिरुपूरला परतल्यापासून मला सारखी त्यांचीच काळजी लागते. रोज कारखाना सुटला की फोन करते, जेवले का विचारते.

"तिले वाढलो," ते म्हणतात. "आता जेवतो."