ताई वर सांगतात

लष्करात उभी हयात गेली, पण ताईंना कधी कुणी सलाम ठोकला नाही. वर्दीच नाही, तर सलाम कसला? त्या छावणीतल्या समाजसेविका. जवानांची घरची भांडणं, दारू, उडालेली झोप, सगळं त्यांच्याच गळ्यात. आई चिडवायची, "फौजेत आहेस म्हणे! पाल दिसली की खुर्चीवर चढतेस."

त्यांची खोली म्हणजे पूर्वीचं घोंगड्यांचं कोठार. डांबरगोळ्यांचा वास काही केल्या जाईना. येणारा प्रत्येक जण आधी रजेचं नाहीतर मुलाच्या शाळेचं विचारायचा, खरं दुखणं मागाहून निघायचं. पण त्याआधी ताईंचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "बोला. इथलं इथेच राहील. पण जिवावर बेतणारं असेल, तर मी वर सांगणार." ते ऐकून निम्मे जण तोंडाला कुलूप लावून उठत. कारकून म्हणायचा, "कशाला आधीच सांगता, बाई?" ताई म्हणायच्या, "फसवून काढलेलं बोलणं मला नको."

लांब्याने ते वाक्य ऐकलं आणि तरीही तो बोलला. ताडमाड उंच जवान, म्हणून लांब्या. सीमेवर त्याचा जोडीदार त्याच्या शेजारीच गोळी लागून गेला होता. "ताई, पहाऱ्यावर उभा असलो की बंदुकीचाच विचार येतो. माझ्यासाठी." मग एकदम हात जोडले, "पण वर नका सांगू. पाया पडतो."

आता आली का पंचाईत! छावणीत बंदूक काढून घेणं म्हणजे नाक कापणं. ज्याची बंदूक गेली, त्याच्या शेजारी जेवायलासुद्धा कुणी बसत नाही. आणि नाही काढली, तर उद्या त्याच्या बायकोला काय सांगायचं? ताईंनी त्याला कारकुनापाशी बसवलं आणि तडक मोठ्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, त्याची बंदूक आजच जमा करा. पण एकट्याची नको. तपासणी आहे म्हणून अख्ख्या तुकडीच्या घ्या."

"अख्ख्या तुकडीच्या? आणि शत्रू आला तर त्याला काय चहा पाजू?"

"पाजा. पण एकट्याची घेतलीत, तर हा पोरगा लोकांच्या नजरांनीच मरेल."

साहेबांनी मिशी ओढली. मग फोन उचलला.

संध्याकाळच्या आत सगळ्यांच्या बंदुका शस्त्रागारात गेल्या. जवानांनी तपासणीच्या नावाने बोटं मोडली, कुणाला संशय आला नाही. पण लांब्या काय दूधखुळा होता? डॉक्टरची गाडी आली तेव्हा तो ताईंच्या दारात उभा राहिला.

"विकलंत मला."

"सांगितलं मी. हवं तेवढं बोला मला, पण गाडीत बसा."

तो पाठ फिरवून गाडीत बसला आणि गेला.

इस्पितळातून बरा होऊन आला तो वेगळाच. खाऊ लागला, झोपू लागला, बायकोला हसून फोन करू लागला. फक्त ताई समोर दिसल्या की तोंड फिरवायचा. ताईंना वाईट वाटायचं. खूप वाईट वाटायचं. इतकी माणसं पाहिली, तरी या एकाच्या पाठमोऱ्या मानेने त्यांच्या घशाखाली घास उतरेना. एकदा जेवताना त्या आईपाशी रडल्याच. म्हातारी म्हणाली, "अगं, तोंड फिरवतोय ना? फिरवायला आहे ना तो? मग जेव गुपचूप."

वर्ष असंच गेलं. मग एका दुपारी खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात लांब्या. त्याने एका धिप्पाड हवालदाराला दंडाला धरून आणलं होतं. हवालदाराचे डोळे सुजलेले होते. ताईंनी सवयीने सुरुवात केली, "बोला. इथलं इथेच राहील. पण..."

"ते मी सांगितलंय त्याला," लांब्या म्हणाला. ताईंकडे त्याने अजूनही पाहिलं नाही. हवालदाराला खुर्चीत बसवलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळं सांग. ताई गप्प बसत नाहीत. म्हणून तर तुला इथे आणलं."