बोटीचा पंखा

पेट्रोल आणि शेवाळाचा वास एकत्र आला की मला रायपूरचा तलाव आठवतो. छत्तीसगडची ही राजधानी तेव्हा नवी होती, आमच्या कार्यालयाची मोटरबोटही नवी होती, पण तिला पाण्यात ढकलणारा पंखा तुटला. ती चालवणारे एक म्हातारे नावाडी होते, मूळचे भंडाऱ्याकडचे; दुसरा निवडायला मी त्यांना दुकानात सोबत नेलं. मी सहजी न तुटणारा पोलादी पंखा उचलला. त्यांनी तो हळूच परत ठेवला आणि हलका ॲल्युमिनियमचा माझ्या हातात दिला. "हा तर पुन्हा तुटेल," मी चिडून म्हणालो. "तुटू द्या ना साहेब. तळाशी विसर्जनातली देवी बसून हाये. धक्का लागला तं पंखा तुटावा, तिले लागू नये." खरेदीच्या कागदावर मी 'उथळ पाण्यासाठी योग्य' एवढंच लिहिलं. आजही कुठल्याही बोटीत चढताना मी पाय अलगद टेकवतो.