चाकांपुढचे ठोकळे

निवृत्त झाल्यावर माणूस शांत होतो म्हणतात. माझ्या पायाची भिंगरी काही सुटली नाही. रसायनीच्या कारखान्यात उभा जन्म पाळ्यांत गेला. अजूनही भोंगा वाजला की मोहोपाड्यातल्या घरी मी खुर्चीतून उठतो आणि कुठं जायचं ते न सुचून पुन्हा बसतो. बायको म्हणाली, "काहीतरी बैठं काम शोधा, नाहीतर मीच नोकरी धरते."

म्हणून तुकडे जोडून करायच्या छोट्या विमानाचा संच मागवला. पण खरं कारण दादा. तो थोरला, मी शेंडेफळ. एकाहत्तरच्या लढाईत तो हवाई दलात मेकॅनिक होता, नॅट नावाच्या चिमुकल्या लढाऊ विमानांवर. त्यानं उड्डाणाला सोडलेलं एक विमान परत आलं नाही, एवढंच घरात माहीत. पुढं काही विचारलं की तो उठून गोठ्याकडं जायचा. यंदा त्याची नजर फारच अधू झाली आणि एकदा स्वतःहून म्हणाला, "दिसतंय तवर ते विमान येकदा बघायचं हाय रं." त्या दिवसापासून मला दम निघेना.

तुकडे प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. ते कापायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, चिकटवायचे आणि वाळेपर्यंत थांबायचं. इथंच घोडं पेंड खायचं. आमच्याकडच्या दमट हवेत रंग वाळता वाळत नाही. मी सारखं बोट लावून बघायचो, की पंखावर माझाच ठसा.

दादा फोनवर एकच विचारायचा, "चाकं बसली का?" चाकं वाटाण्याएवढी, त्यांचे दांडे काडीहून बारीक. पहिल्यांदा बसवली तर विमान कललं. दुसऱ्यांदा एक चाक घरंगळत पलंगाखाली गेलं. शेवटी वैतागून मी विमानाच्या पोटाखालची, उडताना चाकं आत घ्यायची दारं बंद करून चिकटवली, चाकं डबीत टाकली आणि विमान स्टँडवर चढवलं. उडणारं विमान दिसतंही झोकदार, अशी मनाची समजूत घातली.

दसऱ्याला स्कूटरवरून ते कर्जतजवळ दादाच्या गावी नेलं. मागं बायको खोकं मांडीवर धरून, माझ्या वेगाला शिव्या घालत. अंगणात ट्रॅक्टर, मोटरसायकल, कोयते, सगळ्यांना झेंडू चढला होता. वहिनी ताट घेऊन आल्या. विमानाला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली ठेवायला लिंबू उचललं.

"भावजी, याची चाकं कुठं हायत?"

"पोटात आहेत वहिनी. हे उडतंय."

दादानं हात पुढं केला. पंखाखालून, पोटाखालून बोटं फिरवली. त्याचा चेहरा उतरला.

"म्हंजे अजून वरच हाय," तो म्हणाला. बोटं तशीच पोटाखाली ठेवून पुढं म्हणाला, "चाकांपुढचे लाकडी ठोकळे मीच काढले होते रं. पायलट सायेब हसला, हात केला. विमान परत आलं की ठोकळे पुन्ना लावायचे असतात. तेवढे लावायचे ऱ्हायले."

माझ्या घाईचा मला इतका राग कधी आला नव्हता. डबी आणि गोंदाची नळी खोक्यातच होती. चाकूच्या टोकानं दारं उचकटली, रंगाचा टवका उडाला, उडू दिला. पडवीत बसून चाकं चिकटवली आणि दांडे हातात धरून ठेवले. पानं वाढून झाली, हाका आल्या, मी हललो नाही. बायको दोनदा येऊन निरखून गेली, मी ठीक आहे ना म्हणून.

विमान पाटावर उभं राहिलं, जरासं डावीकडं कललेलं. वहिनींचं लिंबू चाकांहून कितीतरी मोठं. त्यांनी ते चिरलं, दोन बिया काढल्या आणि चाकांपुढं ठेवल्या. नव्या गाडीला करतात तसं त्या विमान बियांवरून पुढं ढकलणार, तेवढ्यात बिया चाचपत असलेल्या दादानं त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे गं," तो म्हणाला. "लागले ठोकळे."