आजारी गुप्तहेर आणि एक ‘काहून’

अमरावतीला माझ्या सासुरवाडीत मला सगळे जासूस म्हणतात. ते खरे नाही, हे आता लिहून ठेवतो.

अकोल्यात आमच्या घरी बायको डेंग्यूने अंथरुणाला खिळली होती. डोळ्यांवर ओला रुमाल होता. मी शेजारी बसून टीव्हीवर गुप्तहेराची विनोदी मालिका पाहत होतो. त्या भागात गुप्तहेरालाच ताप आलेला; गोधडीतून शिंकत तो एका चोरीबद्दल घरातल्या साऱ्यांची उलटतपासणी घेत होता. स्वतःला पुण्याचा म्हणवणारा एक पाहुणा चिडून ओरडला, “मी काहून चोरी करू?”

“हाच चोर हाय,” रुमालाखालून बायको पुटपुटली. “पुन्याचा मानूस ‘का’ म्हन्ला असता. ‘काहून’ आपल्या वऱ्हाडातलं.”

गुप्तहेराला ते उमगेपर्यंत भाग संपत आला. मी थक्क झालो. तिने पडद्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. तोही तेच पाहत होता. “आपण तर चोर बोलताक्षणी ओळखला,” मी म्हणालो.

“भाऊजी, तुमी तं जासूस निंगाले!”

फोन ठेवताच अंथरुणातून आवाज आला, “अवो जासूस, जरा पानी द्या.”

त्या दिवशी तिने दोन चोर पकडले. दुसऱ्याचे नाव तिने भावालासुद्धा सांगितलेले नाही.