लोअर आर्मचे बुश आणि आईची पाठ

आईनं एका सकाळी स्वयंपाकघरातूनच जाहीर केलं, "मी आता सांगलीला न्हाई येत. त्या गाडीत मला बसवत न्हाई." आणि विषय संपवून ती चहा गाळू लागली.

तिच्या मणक्यावर सांगलीच्या डॉक्टरांचे उपचार चालू होते. दर पंधरवड्याला जावं लागायचं, आणि आता कुठं गुण येऊ लागला होता. मध्येच सोडलं तर पुन्हा अंथरूण धरावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आमचं गाव रहिमतपूरजवळ, तिथून सांगली काही हाकेच्या अंतरावर नाही. एसटी तिला झेपणारी नव्हती. राहिली वडिलांची जुनी गाडी. तिच्या पुढच्या चाकांखालून असा खडखडाट यायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. आईला त्या आवाजाची लाज वाटते, असा आम्हा बापलेकांचा निष्कर्ष निघाला.

गाडीचं दुखणं साधं होतं. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, लोअर आर्म, त्याच्या सांध्यातले रबरी बुश झिजले होते. पण साखर कारखाने सुरू झालेले. गावातला मिस्त्री उसाच्या ट्रॉल्या सोडून कशालाच हात लावेना. "कारखाना बंद झाल्यावर बगू," म्हणाला. म्हणजे थेट उन्हाळ्यात!

"त्याची कशाला मिनतवारी करतोस? मी फौजेत ट्रकची इंजिनं उतरवलीत," वडील म्हणाले. ते लष्करात ड्रायव्हर होते. मी साताऱ्याहून नवे बुश आणले आणि अंगणात आमचं युद्ध सुरू झालं.

पहिलाच बोल्ट गंजून बसलेला. डिझेल ओतलं, ठोकलं, शेवटी पान्याला विहिरीवरच्या मोटारीचा जुना पाईप अडकवून दोघंही त्यावर लोंबकळलो. पाना निसटला आणि माझी बोटं सोलून निघाली. "हळू कर की रं," वडील म्हणाले. क्षणभरापूर्वी हेच गृहस्थ "जोर लाव, जेवला न्हाईस का?" म्हणून ओरडत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जुना बुश करवतीनं चिरून काढावा लागला. नवा साबणाच्या पाण्यात भिजवून कसाबसा आत दाबला, तर तो तिरका बसला. काढला, पुन्हा दाबला, पुन्हा तिरका. मला ती गाडी विहिरीत ढकलून द्यावीशी वाटत होती.

एवढं करून वडिलांनी चाक हवेत लोंबत असतानाच बोल्ट करकचून आवळले.

"आण्णा, गाडी चाकांवर उभी करून आवळायचं असतं. न्हाईतर रबर पिळवटतंय, लगेच फाटतंय."

"तू मला शिकवू नगंस."

गाडी जॅकवरून उतरवली, तर पुढून नाक वर करून ताठ उभी. वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि ते टायरमधली हवा बघू लागले. चूक कबूल करणं त्यांना फौजेनं काही शिकवलेलं नाही.

पण चाकांवर उभ्या गाडीखाली शिरायचं कसं? तोड वडिलांनीच काढली. उसाच्या रानात पाट होता, खोल आणि कोरडा. त्याच्या दोन्ही काठांवर चाकं ठेवून गाडी उभी करायची आणि माणसानं पाटात आडवं व्हायचं. माणूस अर्थातच मी. आत शिरलो, बोल्ट सैल केले, आता आवळणार एवढ्यात पाठीखाली गार लागलं. बघता बघता कानात पाणी शिरलं. लाईट आली होती, ती येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो चालूच होता, आणि मोटारीनं इमानदारीत पाटाला पाणी सोडलं होतं.

"ऑटो बंद केला न्हाई व्हय?" मी खालूनच किंचाळलो.

"तू कुठं सांगितलंस?" म्हणत वडील विहिरीकडे पळाले.

त्या चिखलात पडून मी मनातल्या मनात जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बोल्ट आवळूनच बाहेर आलो.

खडखड गेली. आईनं माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि सांगलीला जायच्या दिवशी मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसली. वडील माझ्या शेजारी, स्वारी भलतीच खुशीत. "हाय का कुठं आवाज?" असं त्यांनी गावची वेस ओलांडायच्या आतच विचारून घेतलं.

पहिल्या खड्ड्यात बारीकसा आवाज आला. राहिलंच काहीतरी, म्हणून मी चरफडलो. आता पुन्हा तो पाट, पुन्हा तो चिखल. दुसऱ्या खड्ड्याला मी कान देऊन ऐकलं. आवाज चाकाखालून येत नव्हता. मागच्या सीटवर आई कण्हत होती.

वडिलांनी मान वळवली. "एवढं दुखतंय व्हय? मग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"आवं, दर येळी बोलत हुते की. त्या खडखडीत तुमास्नी ऐकू कुठं येत हुतं?"

मी गाडीचा वेग इतका कमी केला की उसानं भरलेले ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला ओलांडून गेले. खड्डा दिसला की मी आधी सांगायचो, आणि सांगलीपर्यंत दर खड्ड्याला वडील मागं हात करून तिचा हात घट्ट धरायचे.